फुटेड बाण: पाइनच्या शाफ्टला बाभळीचं टोक जोडायची सविस्तर कृती

लाकडी बाण मोडतो तो बहुतेक वेळा एकाच जागी, लोखंडी टोकाच्या मागच्या दोन-तीन इंचांत. नेम चुकला आणि बाण दगडाला किंवा झाडाच्या मुळाला आपटला, की टोक जागच्या जागी थांबतं, पण मागची काडी पुढे रेटत राहते. तो सगळा भार टोकात बसवण्यासाठी निमुळत्या केलेल्या लाकडावर येतो आणि तिथंच ते तडकतं. उरलेली पंचवीस इंच काडी धडधाकट असते, तरी बाण गेला तो गेलाच. त्यामुळे अख्खा बाण जाड करण्यात काही अर्थ नाही. वजन वाढतं, काडी ताठर होते आणि धनुष्याला जुळत नाही. मजबुती द्यायची ती पुढच्या सात-आठ इंचांत: मागे हलकं, लवचिक लाकूड आणि पुढे कठीण, चिवट लाकडाचा तुकडा, दोन्ही लांब पाचरीच्या सांध्यानं एकजीव केलेले. तिरंदाज मंडळी याला फुटेड शाफ्ट म्हणतात. व्हिक्टोरियन काळातले इंग्लिश तिरंदाजही असेच बाण वापरत, आणि आजही हातानं बाण करणारे लोक याच रीतीनं ते करतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बसून हे काम करायला काहीही परदेशातून मागवावं लागत नाही, पिसं सोडली तर. लाकूड इथं आहे, लेथवाले इथं आहेत, रेशमाचा धागा विणणारी गल्ली इथं आहे. हवी ती सवड, आणि लाकूड निवडताना कसलीही तडजोड न करण्याची तयारी. सगळं काम त्या निवडीवर उभं असतं. डिंक कितीही भारी असला तरी तिरक्या रेषेचं लाकूड तो वाचवत नाही.

लाकूड

मागच्या काडीसाठी पाइन घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपासच्या कारखान्यांत मशिनं येतात ती पाइनच्या खोक्यांतून, आणि टिंबर डेपोतही पाइनच्या फळ्या मिळतात. दहा फळ्या उलटसुलट केल्या तर कामाची एखादीच निघते, म्हणून घाईच्या वेळी डेपोत जाऊ नका. गाठ नको, राळेचा चट्टा नको, निळसर बुरशीचा डाग नको. फळीच्या कडेवर दिसणाऱ्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर गेल्या पाहिजेत. वरच्या बाजूनं शिरून खालच्या बाजूनं बाहेर पडणारी रेषा म्हणजे पुढे तडा जायची जागा.

डोळ्यांवर विसंबू नका, फळीलाच विचारा. फळीच्या टोकाचा वीतभर तुकडा कापा, उभा धरा, त्याच्या डोक्यावर पटाशी ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. लाकूड करवतीच्या रेषेत फाटत नाही, स्वतःच्या धाग्यानं फाटतं. फाटलेली बाजू सरळ, सपाट निघाली तर फळी घ्या. ती पिळाप्रमाणे वळली किंवा एका बाजूला पळाली तर ती फळी कितीही देखणी असो, चुलीत घाला. जुने सुतारमामा दांडा घालायला लाकूड निवडताना हेच करायचे.

पुढच्या तुकड्यासाठी माझी पहिली पसंती बाभळीला. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात ती भरपूर आहे, औतं आणि दांडे तिचेच होत आले, मार खायची तिला सवय आहे. धामण मिळाली तर तिच्याइतकं चिवट लाकूड नाही. धनुष्यं आणि कावडीच्या दांड्या तिच्याच करत. शिसव दिसायला सगळ्यांत सुंदर, पाइनच्या पिवळ्या अंगावर तिची काळपट टोकं फार खुलतात, पण ती डेपोतूनच, पावतीसह घ्या. जुन्या मोडक्या पलंगाचे किंवा खुर्चीचे पाय हा शिसवीचा उत्तम साठा. खानापूरच्या जंगलातून, विशेषतः भीमगड अभयारण्याच्या परिसरातून, काडीसुद्धा तोडून आणू नका. तो गुन्हा आहे, आणि ओलं लाकूड तसंही या कामाला निरुपयोगी.

लाकूड वाळलेलं असणं इथं दुप्पट महत्त्वाचं आहे. आपल्याच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीला पावसाळाभर भिंती ओल्या असतात आणि अथणीला वारं कोरडं. हवा बदलली की लाकूड फुगतं-आटतं. कापलेल्या पट्ट्या तुम्ही जिथं राहता, जिथं बाण मारणार आहात, तिथंच सावलीत, आडव्या, सपाट ठेवून निदान महिनाभर मुरू द्या. काम होळीच्या सुमारास सुरू करावं आणि मृगाच्या आत आटपावं, असं माझं मत आहे.

मागची काडी

फळीतून १० मिलिमीटर चौरस पट्ट्या फाडा, लांबी ३० इंच. एका जाड फळीला लांबलचक व्ही आकाराची खोबण पाडा आणि टोकाला खिळा ठोका. पट्टी त्यात कोनावर बसते, खिळ्याला टेकते, म्हणजे रंधा मारताना हलत नाही. आधी चारही कोपरे उडवून अष्टकोन करा, मग त्या आठ कडा उडवून सोळा. पुढचं काम पॉलिश पेपरचं: काडीचं टोक ड्रिल मशिनमध्ये धरायचं, ८० नंबरचा पेपर दुमडून मुठीत, मशिन हळू फिरवत मूठ पुढे-मागे न्यायची. हातमोजा जाड घाला, पेपर तापतो.

जाडी व्हर्नियरनं मोजा. ४० पौंडांच्या आतलं धनुष्य (पौंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारं बळ) असेल तर ८ मिलिमीटर, ४० ते ५० ला ८.७, त्यावर ९ च्या थोडं पुढे. ८.७ म्हणजे पावणेतीन सूत, सुताराला तसंच सांगितलं तर पटकन कळतं.

आता काडीची लवचीकता, म्हणजे स्पाइन. बाण सुटला की तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालत, नागमोडी लवत जातो. काडी फार ताठर असेल तर उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे पळतो, फार लवचिक असेल तर उजवीकडे. ते मोजायचं साधन घरी होतं: एका फळीवर दोन खुंट्या, मध्ये २६ इंच म्हणजे ६६ सेंटिमीटर अंतर. काडी खुंट्यांवर आडवी ठेवा, बरोबर मधोमध ९०७ ग्रॅम (दोन पौंड) वजन टांगा आणि काडी किती मिलिमीटर खाली आली ते मोजा. ६६० ला त्या आकड्यानं भागा. १३.२ मिलिमीटर आली तर ५० पौंडांची स्पाइन, १६.५ आली तर ४० ची. बाण मधोमध कापलेल्या खिडकीतून न जाता मुठीच्या कडेनं जातो अशा साध्या ४० पौंडी धनुष्याला ३५ ते ४० स्पाइनपासून सुरुवात करा.

मोजताना काडीच्या वार्षिक रेषा उभ्या राहतील अशी ठेवा, कारण धनुष्यावरूनही ती त्याच दिशेनं लवणार आहे. प्रत्येक काडीवर पेन्सिलनं आकडा लिहा. पाच पौंडांच्या आत जुळणाऱ्या काड्यांची एक जुडी. हे मोजमाप पुढचा तुकडा जोडण्याआधीच करायचं. जोडल्यावर पुढचा भाग ताठ होतो आणि आकडा खोटा येतो.

चीर आणि पाचर

या कामाचा जीव इथं आहे, म्हणून इथं वेळ द्या.

बाभळीचा तुकडा १२ मिलिमीटर चौरस आणि साडेआठ इंच लांब घ्या. त्याच्याही रेषा सरळ हव्यात. एका टोकापासून ६ इंचांपर्यंत, बरोबर मधोमध, चारही बाजूंनी पेन्सिलची रेघ आखा. पातळ पात्याच्या करवतीनं चीर पाडायची: एका बाजूनं थोडी, उलटवून दुसऱ्या बाजूनं थोडी, असं करत खाली उतरा. एकाच बाजूनं रेटलं तर पातं आतल्या आत भरकटतं आणि वर कळतसुद्धा नाही. तळाला अडीच इंच भरीव लाकूड राहिलं पाहिजे. आता तुमच्या हातात दोन पायांचा चिमटा आहे, प्रत्येक पाय साधारण सव्वापाच मिलिमीटर जाड.

पाइनच्या काडीचं पुढचं टोक पाचरीसारखं करायचं. आधी काडी २७ इंचांवर कापा. मग टोकापासून ६ इंच मागे खूण करा आणि तिथून टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी रंध्यानं उतरती सपाटी द्या, टोकाला करवतीच्या पात्याइतकीच जाडी उरेल अशी, म्हणजे दीडेक मिलिमीटर. पाचर कुठल्या दोन बाजूंनी करता ते सगळ्या जुडीत एकच ठेवा. दोन्ही उतार सारखे हवेत. एक जास्त झाला तर तयार बाणात सांध्याची टोकं मागेपुढे येतात आणि बाण वाकडा दिसतो. काडी पट्टीवर आडवी टेकवून उजेडाकडे धरा, पट्टी आणि उतार यांच्यामधून उजेड येत असेल तर अजून उंचवटा आहे.

कोरडंच बसवून बघा. पुढच्या तुकड्याचा भरीव भाग चिरेच्या तळापर्यंत व्हाइसमध्ये आवळा, नाहीतर पाय फाकताना चीर आणखी खाली फुटत जाईल. पाचर वरून हलके-हलके आत ढकला. बाभळीचे पाय बाजूला सरकतात आणि पाचरीच्या अंगाला येऊन टेकतात. तळाला पोचल्यावर सांध्याच्या रेषेत कुठंही नख शिरता कामा नये. शिरत असेल तर काढा, उंचवटा खरवडा, परत बसवा. डिंकानं फट भरून काढू असं मनात आणू नका.

चिकटवणं

घराच्या आसपास सराव करणार असाल तर पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन चालतो. दवात, चिखलात बाण जाणार असतील तर दोन नळ्यांचं अॅराल्डाइट वापरा, साधं, सावकाश धरणारं. पाच मिनिटांत धरणाऱ्यात बसवायला वेळच मिळत नाही. शिसव तेलकट असते, तिला चिकटवायच्या तासभर आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

चिरेच्या आत दोन्ही भिंतींना डिंक पोचला पाहिजे. जुन्या एटीएम कार्डाची अरुंद पट्टी कापली की ती बरोबर आत जाते. पाचरीलाही दोन्ही बाजूंनी लावा आणि ढकला. कडेनं डिंकाचा बारीक मणी सगळीकडून सारखा बाहेर आला पाहिजे. एका बाजूनं आलाच नाही तर तिथं कोरडं राहिलं आहे, लगेच काढून परत लावा.

आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी सगळ्यांत उत्तम. आधी सांध्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, मग ट्यूब ताणून भरीव बाजूकडून मागे अशी वेढे घालत या. रबर सगळीकडून सारखं दाबतं. क्लॅम्प एकाच जागी दाबतो आणि पाचर मागे सरकवतो. मग काडी व्ही खोबणीत झोपवून डोळ्यासमोर धरा, रेषेत आहे का बघा, वाकली असेल तर आत्ताच सरळ होते. चोवीस तास हात लावू नका, दमट हवेत दोन दिवस.

गोल करणं

ट्यूब सोडल्यावर पुढे एक ओबडधोबड चौकोनी खांब दिसतो. रंधा बारीक धारेवर लावा आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: रंधा पुढून मागे मारायचा, भरीव टोकाकडून पिसांच्या दिशेनं. बाभळीचे पाय मागे निमुळते होत संपतात. मागून रंधा आणला तर पातं त्या पातळ टोकाखाली शिरतं आणि ते उचकटतं. आधी चारही बाजू काडीच्या जाडीपर्यंत आणा, मग कोपरे, मग सोळा कडा, मग कानस आणि पॉलिश पेपर: ८०, १२०, २२०. जसजसं गोल होतं तसतशी पाइनच्या अंगावर दोन गडद, लांब टोकं उमलत येतात. ती दोन्ही एकाच उंचीवर संपली तर पाचर नीट झाली होती.

शिसवीची धूळ नाकाला आणि कातडीला बाधते. मास्क लावा आणि उघड्यावर काम करा.

सगळं धरून लांबी आता साडेएकोणतीस इंच झाली. तुमच्या ओढीपेक्षा, म्हणजे दोरी जितकी मागे खेचता त्या लांबीपेक्षा, निदान एक इंच जास्त राहील अशी मागून कापा. २८ इंच ओढणाऱ्याला २९ पेक्षा कमी नको. टोक मुठीच्या आत आलं तर हातात घुसतं.

टोक, खाच, पिसं

टोक उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर होतं. १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम वजन सांगा, आतली निमुळती पोकळी ५ अंशांची, आणि सगळी टोकं एकाच वजनाची हवीत हे दोनदा सांगा. काडीचं टोकही त्याच ५ अंशांत छिला. पेन्सिल शार्पनरसारखा साचा याच लेथवाल्याकडून करून घेतला तर पुढची सगळी कटकट मिटते. बसवताना अॅराल्डाइट.

प्लास्टिकचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी खाचेची टोपी, लावायचा तर मागचं टोक ११ अंशांत छिलावं लागतं. मला लाकडातच कापलेली खाच आवडते. दोन हॅकसॉ ब्लेड चिकटपट्टीनं एकत्र बांधून ६-७ मिलिमीटर खोल चीर पाडा आणि दोरी अलगद बसेल इतकी कानसा. खाच नेहमी लाकडाच्या वार्षिक रेषांना आडवी छेदणारी हवी. रेषांच्याच दिशेत कापली तर दोरीच्या झटक्यानं काडी सरळ दुभंगते. शिवाय काडीच्या अंगावर रेषा जिथं बाणासारखी टोकं करत बाहेर पडलेल्या दिसतात, ती टोकं वरच्या बाजूला लक्ष्याकडे तोंड करून असू द्या. काडी मोडलीच तर तुकडा हातापासून दूर जातो.

खाचेच्या खाली दोरा गुंडाळणं सक्तीचं समजा. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत मागावर साड्या विणणाऱ्यांकडे रेशमाचा उरलेला धागा मिळतो, तो याला सर्वांत चांगला. सूतभर जागेत वेढ्याला वेढा चिकटवून घट्ट गुंडाळा, टोक वेढ्याखालून ओढून घ्या आणि पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब पाजा. हाच वेढा बाभळीच्या पायांची टोकं संपतात तिथंही घाला.

पिसं टर्कीची किंवा बदकाची, चार-पाच इंचांची तीन, सगळी एकाच पंखाची, १२० अंशांवर. एक पीस खाचेला काटकोनात. मोराची, गिधाडाची पिसं गोळा करू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा या पक्ष्यांना लागू आहे, आणि तोच कायदा शिकारही बंद करतो. हे बाण लक्ष्यासाठीच.

पॉलिश

पिसं लावण्याआधी पॉलिश. सर्वांत आधी काडीच्या दोन्ही टोकांच्या उघड्या धाग्यांना पाजा, कारण पाणी तिथून शिरतं. मग पॉलियुरेथेनचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० चा पेपर हलका फिरवायचा. पाऊण इंची पीव्हीसी पाइपला खालून बूच मारून त्यात पॉलिश भरलं तर काडी बुडवून काढता येते आणि हात सगळीकडे सारखा बसतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख देखणी दिसते, पण ओल सोसत नाही, आणि आषाढ-श्रावणात लावली तर पांढुरकी पडते. जवसाचं तेल वापरलंत तर फडकी चुरगळून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

तयार बाण ३० ते ३५ ग्रॅम भरतो. धनुष्याच्या दर पौंडाला निदान ८ ग्रेन वजन हवंच, म्हणजे ४० पौंडाला ३२० ग्रेन, सुमारे २१ ग्रॅम. आपण त्याच्या बरंच वर आहोत, त्यामुळे बाण जरा मंद, पण शांत जातो. बोटावर तोलून बघा, तोल मध्यापासून तीन-चार इंच पुढे पडला पाहिजे. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर लाकडी बाण कधीही लावू नका.

बांबू वापरायचा असेल तर

आपल्याकडच्या बांधावरचा मेस किंवा चिवा जवळजवळ भरीव असतो, त्याचेही बाण होतात. तीन वर्षांची जून काठी दिवाळीनंतर तोडा, पंधरा-वीस दिवस वाहत्या ओढ्यात बुडवून ठेवा म्हणजे कीड लागत नाही, मग सावलीत वाळवा. निखाऱ्यावर फिरवत गरम केली की वाक निघतो, थंड होईपर्यंत सरळ धरून ठेवायचं. गाठी कानसून सपाट करा. बांबूला पाचरीचा सांधा करू नका. पुढच्या टोकाला दीड-दोन इंच भोक पाडून बाभळीची खुंटी आत बसवा आणि बाहेरून इंचभर रेशमाचा आवळ वेढा घाला. बांबू दबून मोडत नाही, उभा फाटतो, आणि तो वेढा त्याला फाटू देत नाही.

वापर आणि दुरुस्ती

दर वेळी मारण्याआधी बाण दोन्ही हातांत धरून, कानाजवळ आणून, चारही बाजूंनी थोडा वाकवा. करकर ऐकू आली किंवा नखाला केसाएवढा तडा लागला तर तो बाण त्याच जागी मोडून टाका, म्हणजे चुकूनही परत दोरीवर चढणार नाही. लक्ष्याला भाताच्या पेंढ्याची घट्ट बांधलेली गंजी घ्या, मागे मातीचा बांध, आणि त्यापलीकडे वाट नसावी.

फुटेड बाणाचा पुढचा तुकडा शेवटी झिजतोच. टोक तापवून काढा, बाभूळ अर्धा इंच मागे कापा, पुन्हा छिला. अडीच इंच भरीव लाकूड त्यासाठीच ठेवलं होतं. लांबी कमी पडायला लागली की सांध्याच्या मागून कापून काडीला नवी पाचर करा आणि नवा तुकडा बसवा. अशा काडीची लांबी सहा इंचांनी घटते, म्हणून तुकडाही तेवढा लांब घ्या: साडेचौदा इंच, त्यात चीर सहाच इंच. पुढे जड झालेला असा बाण जरा खाली पडतो. तो बाकीच्या जुडीत मिसळू नका, मागच्या टोकाला वेगळ्या रंगाचा धागा गुंडाळून जवळच्या अंतरासाठी बाजूला ठेवा.